वाट देण्याचा सराव

पनवेलहून रोह्याला जाणारी सकाळची पॅसेंजर जिते स्टेशनावर सात वाजून पाच मिनिटांनी येते, एक मिनिट थांबते आणि सात वाजून सहा मिनिटांनी सुटते, अशी वहिवाट होती. शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात एका सोमवारी ती वेळेवर आली, मुख्य रूळ सोडून पलीकडच्या बाजूच्या रुळावर गेली आणि सात सत्तावीसपर्यंत तिथेच उभी राहिली. इंजिनात बिघाड नव्हता. रुळावर म्हैस नव्हती. ड्रायव्हर जागा होता. गाडी उभी होती, कारण मागून येणाऱ्या अतिजलद गाडीला तिने वाट द्यायची होती. अतिजलद गाडी अद्याप तयार झालेली नव्हती.

यात चमत्कारिक असं काही नाही. त्या वर्षी वरच्या पातळीवर ‘अतिवेग प्रवासी गाडी विकास कक्ष’ स्थापन झाला होता. पनवेल ते रोहे हे अंतर एकतीस मिनिटांत तोडायचं, असं कक्षाच्या पहिल्याच बैठकीत ठरलं. त्यासाठी काय काय लागेल याची यादी दुसऱ्या बैठकीत झाली : गाडी, ती पेलणारे रूळ, तिच्या भाराचे पूल, तिला दिसतील असे सिग्नल. तिसऱ्या बैठकीत असं लक्षात आलं की यादीतल्या सगळ्या बाबींना वेळ लागणार आहे. मात्र विकास तर चालू तिमाहीतच सुरू झाला पाहिजे. तेव्हा एका अनुभवी सदस्याने सुचवलं की एक बाब अशी आहे जिला काहीच लागत नाही. इतर गाड्यांनी बाजूला उभं राहणं.

परिपत्रक निघालं. ‘अतिजलद गाडी प्रत्यक्ष धावू लागेल तेव्हा तिला वाट कशी द्यावी याचे ज्ञान स्थानिक गाड्यांस व प्रवाशांस नसल्याने गोंधळ संभवतो. सबब वाट देण्याचा सराव तत्काळ सुरू करण्यात यावा.’

मी रोह्याच्या एका कचेरीत आवक-जावक कारकून आहे आणि आपट्याहून या पॅसेंजरने जातो. त्यामुळे त्या पहिल्या सोमवारी मी डब्यातच होतो. माझ्यासमोर मोरू बसला होता. हा धाटावच्या एका कंपनीत जनरल शिफ्टला जाणारा गडी, आवाज खणखणीत, घड्याळ उजव्या हाताला. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि मधल्या मुख्य रुळाच्या पलीकडे फलाटावर हिरवं निशाण घेऊन उभ्या असलेल्या स्टेशन मास्तरांना हाक मारली.

“ओ मास्तर, कोन येतंय?”

“अतिजलद.”

“कुठं हाय?”

“येणार आहे.”

“कवा?”

“तीन-चार वर्षांत.”

“मग आमी तवर हितंच बसू?”

“छे छे,” मास्तर म्हणाले, “फक्त बावीस मिनिटं.”

दत्तात्रेय मास्तर हा अतिशय सज्जन माणूस. निशाणं स्वतः धुऊन त्यांना इस्त्री करणारा. कुणाला उलट बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि कागदाला उलट बोलणं तर त्यांच्या नोकरीतच नव्हतं. सात एकविसाला त्यांनी रिकाम्या रुळाला हिरवं निशाण दाखवलं, गाडी जायला लागेल तितका वेळ मान उजवीकडून डावीकडे फिरवली, आणि निशाण गुंडाळून आत गेले. पाठीमागच्या मिठागरावर मिठाच्या राशींसाठी वाफे बांधायचं काम चाललं होतं. तिथली माणसं हातातली खोरी थांबवून बघत राहिली.

अडचण रजिस्टरात आली. त्यात एक रकाना होता : ‘अतिजलद गाडी गेल्याची वेळ.’ मास्तरांनी तीन दिवस तो कोरा ठेवला. चौथ्या दिवशी तार आली. मागच्या स्टेशनाने गाडी वेळेवर गेल्याचं कळवलं होतं, पुढच्या स्टेशनाने ती वेळेवर आल्याचं कळवलं होतं; मग मधे जित्याहून ती का गेली नाही? गाडी आपल्या हद्दीत कुठे अडकली आहे याचा शोध घेऊन चोवीस तासांत खुलासा करावा.

मास्तरांनी शोध घेतला. खरोखर घेतला. पॉइंट्समनला बरोबर घेऊन ते रुळांच्या कडेने दीड-दोन मैल चालत गेले. त्यांना चार शेळ्या, एक फाटकी चप्पल आणि खाडीच्या वाऱ्याने आलेला कुणाचा तरी गमछा सापडला. गाडी सापडली नाही. परत येऊन ते खुर्चीत बसले. मग त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं : ‘७.२१. गेली.’

त्यानंतर अडचण अशी कधी आलीच नाही.

शंभर दिवस झाले. कक्षाने सर्व स्टेशनांची रजिस्टरं मागवून ताडून पाहिली, तेव्हा असं आढळलं की अतिजलद गाडी शंभरच्या शंभर दिवस मिनिटाचाही फरक न पडता धावली आहे. इतकी वेळेवर धावणारी गाडी कुणाच्या पाहण्यात नव्हती. कक्षाने स्वतःचं अभिनंदन केलं आणि गाडीचा वेग ताशी एकशे साठवरून दोनशेवर नेला. आता दोनशेच्या वेगाने येणारी गाडी जवळ कधी आली ते कळत नाही, म्हणून वाट देणाऱ्याने आधीपासून उभं राहणं सुरक्षेच्या दृष्टीने आवश्यक ठरलं. बावीस मिनिटांची पंचावन्न झाली. गेलेली गाडी कधीतरी परत आलीच पाहिजे, हे पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी ध्यानात आलं. परतीची अतिजलद सुरू झाली. पंचावन्नचे एक तास चाळीस झाले.

सूचनांचा फलक लागला. अतिजलद जाताना खिडक्या बंद कराव्यात. टोप्या व पदर धरून ठेवावेत. पोह्याच्या व पापडाच्या पाट्या झाकाव्यात. लहान मुलांना पोटाशी घ्यावं. मुख्य रूळ ओलांडणाऱ्यावर कारवाई होईल.

पहिल्या पंधरवड्यात आम्ही चिडलो. दुसऱ्या पंधरवड्यात चिडायची वेळ ठरली. तिसऱ्यापासून पत्ते निघाले. पेणला पापड घेऊन जाणाऱ्या बायका गाडीतच भाज्या निवडू लागल्या. डब्यात दाढी करून देणारा एकजण बसू लागला. आणि अतिजलद जायच्या वेळी आम्ही खिडक्या लावून घेऊ लागलो. कारण एकाने लावली की दुसऱ्याला उघडी ठेवायला उगाच ओशाळल्यासारखं होतं.

आता राहिला कामावर उशिरा पोचण्याचा प्रश्न. तो मी सोडवला, हे मी नम्रपणे नमूद करतो. मसुदा माझा होता. ‘प्रमाणित करण्यात येते की, धारकाच्या गाडीने आज अतिजलद गाडीस वाट दिली. सबब विलंब क्षमापित असावा.’ मास्तर खाली सही-शिक्का करायचे. माझ्या कचेरीने तो दाखला मानला. मोरूच्या कंपनीने मानला. शाळांनी मानला. महिन्याभरात असं झालं की नऊच्या कामाला पावणेअकराला पोचावं, खिशातून दाखला काढून टेबलावर ठेवावा आणि साहेबाने आदराने विचारावं, “आज कशी गेली?”

“दोन मिनिटं आधीच गेली,” आम्ही सांगायचो.

हळूहळू गाडीबद्दल जाणकारी वाढली. गाडी कशी बारीक घुमत येते, ते मोरू तोंडाने आवाज काढून दाखवायचा. तिच्या एका खिडकीत त्याला त्याचा चुलतभाऊ भरत दिसला होता. भरत दुबईला असतो असं कुणी म्हणालं, तर मोरू म्हणाला, “मग? जलद हाय म्हनून तर आला.”

पेणच्या व्यापाऱ्यांनी सभा घेतली. इतकी चांगली गाडी पेणला न थांबता जाते हा पेणचा अपमान आहे, असा ठराव झाला. रोहेकरांनी लगेच दुसरी सभा घेऊन विचारलं की पेणला थांबा देणार असाल तर आमच्यात काय कमी आहे? दोन्हीकडे मोर्चे निघाले. कक्षाने जनभावनेचा मान राखून मार्गावरच्या सगळ्या स्टेशनांना थांबे मंजूर केले. गाडीचा वेग मात्र कमी केला नाही. त्या संध्याकाळी पेणला पेढे वाटले; रोह्याला फटाके वाजले.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग बायजाबाईच्या नात्यात लग्न निघालं.

बायजाबाई ही जित्याची धवलारीण. खाडीकाठच्या आगरी वस्त्यांत लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. भटजी नंतर, वाजंत्री नंतर. आधी ती मांडवात बसते आणि धवले गाते. एकेका देवाला, एकेका डोंगराला, खाडीला, खाडीलगतच्या खारजमिनीला, मिठाच्या वाफ्याला गाण्यातून आवतण जातं. सगळे येऊन बसले असं तिला वाटलं, की मगच ती हळदीच्या वाटीला हात लावते. तोवर नवरीच्या अंगाला हळदीचं बोट लागत नाही. आणि हा क्रम तोडता येत नाही. मागे मुंबईहून आलेल्या एका नवऱ्याने घड्याळ दाखवून म्हटलं होतं, “आजी, दोन-चार देव गाळले तर?” बायजाबाईने शांतपणे पहिल्या देवापासून पुन्हा सुरुवात केली होती. त्या लग्नाचे वऱ्हाडी दुसऱ्या दिवशी जेवले.

तिचा आवाज असा होता, की भरतीचं पाणी वाफ्यात शिरताना जसं बांधाला न दुखवता शिरतं, तसा तो कानात यायचा. वय सत्तरीच्या पुढे. मिठाने भेगाळलेली पावलं. नाकात मोरणी.

लग्न तिच्या नातीचं, वनिताचं. वनिताची आई सगुणा ही बायजाबाईची एकुलती एक लेक, रोह्याला कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे अष्टमी गावात दिलेली. हळद लग्नाच्याच दिवशी बाराच्या आत लागायची होती, कारण संध्याकाळी नवरदेवाकडची मंडळी खांब गावाहून यायची होती. सगुणाने निरोप धाडला होता : “बय, आवंदा दुसऱ्या कुनाच्या तोंडून नको. तू आलीस तरच माज्या पोरीचं लगीन.”

आदल्या दिवसापर्यंत बायजाबाई हमरापुरात दुसऱ्या एका मांडवात अडकली होती. एसटीत तिला भोवळ यायची. पण पॅसेंजर एक तास चाळीस मिनिटं उभी राहते हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या हिशेबाने मेच्या त्या सकाळी ती सात पाचला, अतिजलदच्या वेळेआधी रूळ ओलांडून, जोडीदारीण पारीला घेऊन आमच्या डब्यात चढली. धवल्यांची ओळ बायजाबाई म्हणायची आणि पारी ती झेलायची. पारीच्या मांडीवर कुटलेल्या हळदीचं गाडगं होतं, तोंडाला लाल फडकं बांधलेलं.

पावणेनऊ वाजले. आम्ही खिडक्या उघडल्या, पत्ते आवरले. गाडी हलेना.

मास्तर रूळ ओलांडून डब्याशी आले. त्यांच्या हातात नवा कागद होता. “आजपासून एक जादा अतिजलद सोडलीय,” ते म्हणाले. “लग्नसराईच्या गर्दीसाठी खास. साडेअकरापर्यंत थांबावं लागेल.”

डब्यात आनंद झाला. साडेअकराचा दाखला म्हणजे जवळजवळ अर्धी सुट्टी. मोरूने परत पत्ते काढले. बायजाबाई पत्त्यांकडे बघत होती, मग ती मोरूकडे बघू लागली.

“ही गाडी लग्नाच्या लोकांसाठी सोडली, व्हय रं?”

“व्हय, आजी.”

“मंग लग्नाची लोकं तीत का नाय बसत?”

“ती थांबत नाय.”

“थांबं दिलं ना समदीकडं? पेनला पेढं वाटलं.”

“थांबं हायत,” मोरू समजावून म्हणाला. “गाडी थांबत नाय.”

“तू बगलीस तिला?”

“रोज बगतो.”

“कशी हाय?”

मोरूने आमच्याकडे पाहिलं. आम्ही पत्त्यांकडे पाहिलं. “कशी म्हंजे,” तो म्हणाला, “जलद.”

बायजाबाईने खिडकीबाहेर पाहिलं. “मना दिसत नाय, ते म्हातारपनान् असंल,” ती म्हणाली. “पन पोराहो, मना आयकायला बराबर येतं. चिमनी वाफ्यावर बसली तरी मना कलतं. मना आवाज बी नाय आला.”

पत्त्यांत कुणाची तरी राणी पडली.

ती उठली. “चल गो पारी. महामार्गावर जाऊ. मिठाचा ट्रक गावंल.”

महामार्ग गावाच्या पलीकडे, आणि गाव फलाटाच्या पलीकडे. मधे मुख्य रूळ. आमच्या डब्यात आम्ही सगळे एकदम ओरडू लागलो. “आजी, उतरू नका!” “आपटा सोडलंय तिनं!” “दोनशेच्या स्पीडनं येतेय!” मी स्वतः म्हणालो, “बाई, नियम आहे.” फलाटावर परतलेले मास्तर निशाण हलवत होते, आणि गडबडीत लाल हलवावं की हिरवं हे न सुचल्यामुळे दोन्ही हलवत होते.

बायजाबाई खडीवर उतरली. पायरी उंच होती, म्हणून पाठमोरी उतरली, पोरीबाळी विहिरीत उतरतात तशी. रुळावर गेली. आणि तिथे मधोमध थांबली, कारण पारी आली नव्हती.

पारी दारातच गाडगं पोटाशी धरून उभी होती. “बय, मना भ्या वाटतंय गो!”

“कशाचा?”

“गाडीचा!”

“कंच्या गाडीचा?”

“समदी म्हनतात तिचा!”

बायजाबाईने एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे. दोन्हीकडे रूळ उन्हात पाण्यासारखे चकाकत दूरवर गेले होते. मिठागरावर पांढऱ्या राशी उभ्या होत्या. एक बगळा रुळावरून चालत होता. सांगून पारी येईना, तेव्हा बायजाबाईने तिथेच उभ्याने गळा लावला.

“पयला आवतान धरतरीला गो, धरतरी मायेला,
दुसरा आवतान खारीच्या वाऱ्याला,
वाऱ्या रं भावा, तू दमान ये,
माजे नातीच्या हलदीला दमान ये...”

जिची ओळ आयुष्यभर झेलली तिने ओळ टाकली, की झेलणारीला मागे राहता येत नाही. पारीचा आवाज आधी गेला आणि मग पाठोपाठ पारी. दोघी रुळावर गात उभ्या राहिल्या, एक लुगडं हिरवं, एक जांभळं, मधे हळदीचं गाडगं.

आम्ही डोळे मिटले. असा प्रसंग बघवत नाही म्हणून मिटले. त्यामुळे पुढे काय झालं ते आम्हा कुणालाच दिसलं नाही, आणि हीच गोष्ट पुढे साक्षीत आमच्या कामी आली. डोळे उघडले तेव्हा दोघी फलाट ओलांडून गावाच्या वाटेला लागल्या होत्या. आवतण तिसऱ्या देवावर पोचलं होतं.

पुढचं मला पारीकडून कळलं. मिठाचा ट्रक मिळाला. गोण्यांवर बसून दोघी रोह्याला गेल्या, कुंडलिकेच्या पुलावरून अष्टमीत उतरल्या तेव्हा अकराला दहा कमी होते. सगुणा दारात उभी होती. वनिता पाटावर बसून रडत होती, ती हसायला लागली. बायजाबाईने पाय धुतले, पाणीही न पिता मांडवात बसली आणि एकही देव न गाळता सगळ्यांना बोलावलं. बाराला पाच कमी असताना तिने भेगाळलेल्या बोटाने नातीच्या गालाला हळद लावली. पारी म्हणाली, “मास्तर न् तुमी समदी तवा कुठं व्हतात?” आम्ही तेव्हा कासू आणि नागोठण्याच्या मधे होतो. दाखले खिशात होते.

इकडे दत्तात्रेय मास्तरांपुढे रजिस्टर उघडं पडलं होतं. अतिजलद वेळेवर गेली म्हणावं, तर त्या वेळी रुळावर दोन बायका गात असल्याचं पॅसेंजरच्या गार्डाने स्वतःच्या वहीत लिहिलं होतं. मग त्या जिवंत कशा? गाडी गेलीच नाही म्हणावं, तर दोनशेवर दिवस काय जात होतं? मास्तरांनी दुपारपर्यंत डोकं धरलं आणि शेवटी त्यातल्या त्यात कुणाला न दुखवणारं वाक्य लिहिलं : ‘रुळावर महिला आढळल्याने गाडीने वेग आवरला. विलंब चार मिनिटे.’

सात महिन्यांतला पहिला विलंब! कक्ष हादरला. चौकशी लागली. कक्षाधिकारी रोह्याला आले. वेळेवर पोचायचं असल्यामुळे जीपने आले. स्टेशनाच्या प्रतीक्षालयात टेबल मांडलं. एका बाजूला बायजाबाई, पाठीशी सगुणा. दुसऱ्या बाजूला आम्ही, त्या दिवशीच्या त्या डब्यातले एकोणनव्वद प्रवासी.

आम्हाला बोलावण्याचं कारण अधिकाऱ्यांनी गोड शब्दांत सांगितलं. बाई म्हणतात गाडी आलीच नाही. आता गाडी येत नसेल, तर गेले सात महिने आपण सादर केलेले दाखले कसले, याचा विचार संबंधित कचेऱ्यांना आणि कंपन्यांना करावा लागेल. मला काहीच म्हणायचं नाही, असं ते म्हणाले. आपण काय पाहिलं तेवढं सांगा.

आम्ही सांगितलं. पहिला मोरू. गाडी अगदी म्हातारीच्या पदराला घासून थांबली, असं तो म्हणाला.

“रंग?” कारकुनाने विचारलं. तसा रकाना होता.

“निळा,” मोरू म्हणाला.

दुसऱ्याने तांबडा सांगितला. पापडवाल्या बाईने मोरपंखी सांगितला. एकाने सांगितलं की वेगामुळे रंग दिसत नाही, तर त्याला दटावण्यात आलं की थांबलेल्या गाडीचा दिसतो. मग त्याने पिवळा सांगितला. माझी पाळी आली तेव्हा बायजाबाई माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. मांडवात उशिरा आलेल्याकडे बघतात तसं ती बघत होती, म्हणजे बसायला जागा आहे की नाही ते. माझ्या नोकरीला सहा वर्षं उरली होती. मी ‘फिकट पांढरा’ म्हणालो.

दत्तात्रेय मास्तरांना विचारलं तेव्हा ते उभे राहिले आणि त्यांनी रजिस्टराचं पान पुढे केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अक्षर मात्र सुंदर होतं.

“पाहिलंत?” अधिकारी बायजाबाईला म्हणाले. “एवढ्या लोकांनी पाहिली. आजी, मला तुम्हाला त्रास द्यायचा नाही. गाडी दिसली होती, घाईत लक्षात आलं नाही, इतकं लिहून अंगठा द्या. विषय संपला. नाहीतर आपल्याला वर्षभर रेल्वेत पाय ठेवता येणार नाही, आणि जीव धोक्यात घातल्याचा खटला वेगळा.”

सगुणा आईच्या कानाशी वाकली. “दे गो बय अंगठा. काय जातंय? वनीचं लगीन तर झालं.”

“नाय गो.”

“अवो आजी,” अधिकारी हसून म्हणाले, “तुम्ही तरी वेगळं काय करता? मांडवात बसून देव बोलावता. ते आलेले कुणी पाहिलेत?”

प्रतीक्षालयात आम्ही सगळे हसलो. बायजाबाईही हसली.

“कुनी नाय बगलं,” ती म्हणाली. “मी बी नाय. पन सायबा, माजा देव येतो म्हनून मी कुनाला वाटंत डांबून नाय ठेवीत. आन् नाय आला, तर आला म्हनून कुनाचा अंगठा नाय घेत.” मग तिने हाताची बोटं उलगडून पुढे धरली. त्यांच्यावर अजून हळदीचा रंग होता. “या तोंडान् आवतान देते मी. याच तोंडान् लबाड बोलले, तर पुढच्या पोरीच्या हलदीला कोन येनार?”

अधिकाऱ्यांनी निकाल लिहिला. अतिजलद गाडी अस्तित्वात असल्याचं उपलब्ध साक्षींवरून सिद्ध होतं. गाडीच्या रंगाबाबत एकवाक्यता नसल्याने ‘बहुरंगी’ अशी नोंद घ्यावी. महिलेस एक वर्ष रेल्वेप्रवासास बंदी करण्यात येत असून खटल्याचे कागद स्वतंत्र पाठवण्यात येतील. इतक्या मोठ्या प्रमाणात प्रवाशांनी गाडी पाहिली असल्याने सराव यशस्वी समजून तो पुढील मार्गांवर लागू करण्यास हरकत नसावी.

बायजाबाई त्या दिवशी अष्टमीहून जित्याला पायी निघाली, पारी तिच्याबरोबर. त्या वर्षी रोह्याकडच्या ज्यांना ज्यांना धवलारीण हवी होती त्यांच्या मांडवांत टेप लावावी लागली. टेप झटपट संपत असे. लोक खूश होते.

निकालाला आमच्या साक्षींची यादी जोडायची राहिली होती. कारकुनाने ती टेबलावर पसरली. एकेक जण सही करून आपला दाखला घेऊन बाहेर पडला. डब्याची आसनं नव्वद आणि सह्या एकोणनव्वद. एक ओळ रिकामी राहिली. रिकामी ओळ ठेवून कागद वर पाठवता येत नाही, असा नियम आहे. कारकून शेजारी खुर्ची मांडून बसला आहे. इतका वेळ तुम्ही आमच्याबरोबर या डब्यात बसून मजा बघत होतात. तुम्हाला कामावर जायला उशीर झालाच असेल, दाखला लागेलच. या, सही करा. रंग कोणताही लिहिला तरी चालतो.